भांगाच्या पाण्याने उरणला

"आज भांग आहे," तांडेल आपल्या खलाशाला म्हणाला, आणि आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

आम्ही ठाण्याच्या बंदरावर, मचव्याला लावलेल्या फळीच्या अलीकडे उभ्या होतो. फळीवरून आमच्या जात्याची एक तळी दोन माणसांच्या हातांत वर चालली होती. दुसरी अजून चिखलात पडली होती. सूर्य नुकता पारसिकच्या डोंगराच्या वर आला होता.

"ऐकलंस?" आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "भांग! अजून तोंड धुवायची वेळ, आणि ह्यांची भांग सुरू. ह्याच्या हाती आपला जीव द्यायचा?"

मी ऐकलं होतं. मी नुसती मान हलवली. तिचा अर्थ हो असाही झाला असता आणि नाही असाही. त्या वयात मी बहुतेक उत्तरं अशीच देत असे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. त्या कल्याणच्या घरात राहायच्या आणि मला उरणला पोहोचवायला म्हणून आल्या होत्या. माझं लग्न होऊन काही वर्षं झाली होती, पण संसार असा सुरू झालाच नव्हता. हे मुंबईला शिकत होते. मी ठाण्याला माहेरीच होते. वडील कोर्टात नोकरीला होते. त्यांनी मला हौसेने मिशनच्या मडमेच्या शाळेत घातलं होतं आणि लग्नानंतरही काढलं नाही. सासरी ही गोष्ट कोणाला आवडली नव्हती, पण व्याह्यांच्या नोकरीकडे बघून कोणी बोललं नाही. आता ह्यांना उरणला मिठाच्या कचेरीत जागा मिळाली होती, बिऱ्हाडाची खोली ठरली होती, आणि मला पाठवायचं ठरलं होतं. लग्नात अंतरपाटाखालून मी ह्यांचे पाय तेवढे पाहिले होते. नंतर सणावाराला गेले तेव्हा माजघरातून पाठ दिसली होती आणि एकदा खोकला ऐकला होता. ओळख म्हणाल तर इतकीच.

आगगाडीने मुंबईला जाऊन तिथून आगबोटीने जाता आलं असतं. पण जातं, पाटा, हंडे, गाद्या हे सगळं दोनदा चढवायचं आणि दोनदा उतरवायचं. सासऱ्यांच्या ओळखीचा एक मचवा जळाऊ लाकडं भरून उरणला जायचा आणि मीठ भरून परत यायचा. सामान त्यातून जाईल, तर माणसंही जातील, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "पण समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त?" सासरे म्हणाले, "अगं, विलायतेला नाही चाललीस. उरणला चाललीस."

आम्ही चढलो. लाकडांच्या थप्प्यांपुढे, मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या बाजूला, दोन गोणपाटं अंथरून आमची जागा केली होती. तिथे आधीच एक आगरी बाई पाय पसरून बसली होती. ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात ती कामाला जायची. उरण तिचं माहेर. तिने आत्याबाईंच्या सोवळ्याकडे पाहून लुगडं आवरलं आणि स्वतःच हातभर बाजूला सरकली.

दोर सुटला. मला वाटलं होतं की निघताना काहीतरी धक्का बसेल, आवाज होईल, जसा गाडी सुटताना होतो. काहीच झालं नाही. बंदर मात्र हळूच मागे सरकू लागलं. मग खलाशांनी शीड चढवलं. ते मळकं, ठिगळांचं कापड आधी नुसतं लोंबत होतं. डोंगराकडून वारा आला आणि एका क्षणात त्याचं पोट भरलं. दोर ताणले गेले, लाकूड करकरलं, आणि पुन्हा शांतता झाली. ती शांतता मला अजून आठवते. कोणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं, कोळसा घालत नव्हतं, आणि एवढी लाकडं, एवढी माणसं, माझं जातं, सगळं पाण्यावरून चाललं होतं. मागे रेल्वेच्या पुलावरून गाडी जात होती. ती किती धडपडत होती!

आत्याबाईंचं लक्ष तांडेलाच्या डोळ्यांवर होतं. तो सुकाणूला टेकून उभा होता. उन्हाने डोळे बारीक केलेले आणि खाऱ्या वाऱ्याने लाल.

"बघ, लाल आहेत," त्या कुजबुजल्या.

आगरी बाईने ऐकलं. "काय लाल, आजी?"

"डोळे. आम्ही ऐकलंय हो सगळं. स्वतःच्या तोंडाने म्हणाला, आज भांग आहे म्हणून."

बाई आधी आमच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं, आणि तिने पदर तोंडात कोंबला. तेवढ्याने हसू आवरेना, तेव्हा तिने मागे ओरडून सांगितलं, "अरं तांडेला, आजी बोलतान तू भांग पिऊन आयलास!"

तांडेल रागावला नाही. तो म्हणाला, "आज अष्टमी नाय का, आजी? अष्टमीला पानी मरतं. भरती धड भरत नाय, व्होटी धड व्हायत नाय. त्याला आमी भांग बोलतो. पुनवेला उधान, अष्टमीला भांग. मी नाय प्यायलेला, दर्या प्यायलाय. म्हून सुस्त पडलाय बघा."

खलाशी हसले. आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी माझा दंड सोडला. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "कोण जाणे. प्यायलेला माणूस काय प्यायलो म्हणून सांगतो?"

खाडी रुंद होत गेली. डाव्या हाताला पारसिकचे डोंगर आमच्याबरोबर चालल्यासारखे वाटत होते. दोन्ही काठांवर मिठागरं होती. घरून रस्त्याने जाताना मी ती कितीदा पाहिली होती. चिखलाचे बांध आणि त्यांत साचलेलं पाणी, एवढीच. आज ती खालून, पाण्याच्या पातळीवरून दिसत होती, आणि सकाळचं ऊन एकेका वाफ्यात उतरत जात होतं. एक वाफा पेटायचा आणि विझायचा, की त्याच्या शेजारचा पेटायचा. आमचा मचवा चालला तसं ते ऊन आमच्याबरोबर काठाने धावत होतं.

मी उजव्या हाताच्या जमिनीकडे बघत होते. ती आमची जमीन, ठाण्याची बाजू. आता संपेल, मग संपेल असं वाटायचं आणि ती पुढे जात राहायची. मग तुर्भ्याचा डोंगर आला, त्याच्या पायथ्याची झाडं आली, आणि डोंगराच्या पलीकडे काही नव्हतं. पाणी होतं. जमीन तिथे वळून मुंबईच्या बाजूला निघून गेली होती.

शाळेत मडम आम्हांला भूगोल शिकवायची. चहूकडे पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, ही व्याख्या मला इंग्रजीत झोपेतही म्हणता आली असती. नकाशावर मडमेने आम्हांला तिचं स्वतःचं बेट दाखवलं होतं, सिंहलद्वीप दाखवलं होतं, आणि किती तरी लांबच्या समुद्रांतले ठिपके पाठ करून घेतले होते. ठाण्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी मचव्यात बसल्या बसल्या मनातल्या मनात बोट फिरवलं. पूर्वेला ही खाडी, जिच्यातून आपण आलो. उत्तरेला घोडबंदरची खाडी, जिच्या काठी वडिलांच्या कोर्टातला शिपाई राहतो. पश्चिमेला वसईपासून वरळीपर्यंत समुद्र. दक्षिणेला हे आत्ताचं पाणी. बोट फिरून पुन्हा निघाल्या जागी आलं. मी जन्मल्यापासून बेटावरच राहत होते. आमची विहीर, आमची शाळा, वडिलांचं कोर्ट, तलावपाळीवरचा फुटाणेवाला, सगळं बेटावर होतं, आणि आम्ही सगळे बेट म्हणजे दुसऱ्यांचं असतं असं समजून व्याख्या पाठ करत होतो.

हे मला कोणाला तरी सांगावंसं फार वाटलं. आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्या प्रायश्चित्ताचा हिशेब मांडत बसल्या असत्या. अंगावर काटा आला होता, तो पदराखाली होता म्हणून बरं.

तुर्भ्याच्या पुढे पाण्याचा रंग बदलला. खाडीचं पाणी मातकट. इथे ते हिरवं झालं, आणि खालून कोणी तरी श्वास घेतल्यासारखा मचवा वर उचलला जायचा आणि खाली यायचा. मुंबईचं बंदर उघडलं. मी डोलकाठ्यांचं रान हा शब्द पुस्तकात वाचला होता, तो मला अतिशयोक्ती वाटला होता. पुस्तकवाल्याने उलट कमीच सांगितलं होतं. काळ्या पाठीच्या आगबोटी नांगरून उभ्या होत्या, एकेक आमच्या आळीएवढी लांब. त्यांच्या मागे धूर, आणि धुरात मुंबई. समोर घारापुरीचा हिरवा डोंगर नुसत्या पाण्यातून वर आला होता, त्याला ना रस्ता ना वेस. आणि ह्या सगळ्याच्या पलीकडे, बंदराच्या तोंडाशी, एक जागा अशी होती की तिथे काहीच नव्हतं. पाणी होतं आणि त्याला लागून आभाळ. मधे कड नव्हती. आतापर्यंत मी जे पाहिलं होतं त्याला मागे काहीतरी होतं. भिंत, झाडं, डोंगर. ह्याला मागे काही नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली गोणपाटाकडे पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. एकदम सगळं बघायची मला भीती वाटत होती.

"डोले उघडं ठेव गो," आगरी बाई म्हणाली. "पयल्या येलेला समद्यांना असंच व्हतं."

तेवढ्यात एक आगबोट आमच्या जवळून गेली. बाजूची चाकं पाणी कापत होती. ती गेली आणि तिच्या लाटा आल्या. मचवा आडवा डुलला, आणि आत्याबाई ज्या ओणव्या झाल्या त्या उरणचं मोरा बंदर येईपर्यंत सरळ बसल्या नाहीत. त्यांनी सकाळपासून सोवळ्यापायी पाणीही घेतलं नव्हतं. मी त्यांचं कपाळ धरून बसले. कल्याणच्या घरात त्यांच्यापुढे कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यांचं कपाळ हातात धरायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वारा पडला, मग समुद्राकडून नवा वारा आला, आणि दुपारच्या सुमाराला उरणचं बेट समोर आलं. आधी ताडांची रांग, मग डोंगर, मग चिमण्या आणि त्यांचा धूर. पाण्यावरून एक वास यायला लागला, गोड, आंबूस, डोक्यात चढणारा.

"हा कसला?" आत्याबाईंनी मान न उचलता विचारलं.

"मोहाचा," तांडेल म्हणाला. "हितं दारूच्या भट्ट्या हाईत सरकारी परवान्याच्या."

"म्हणजे इथे गावच प्यायलंय," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा ओणव्या झाल्या.

मोऱ्याचा धक्का लांब, दगडी होता. त्याच्या टोकाशी चौकीची इमारत, तिच्यापुढे माणसं, छत्र्या, पागोटी. पण धक्का आणि आम्ही ह्यांच्या मधे पाणी असं नव्हतंच. राखाडी, चकाकणारा चिखल होता, आणि त्यातून खेकड्यांच्या मागे बगळे चालले होते. तांडेलाने शीड उतरवलं आणि नांगर टाकला.

"भांगाला मचवा धक्क्याला लागत नाय," तो म्हणाला. "धक्क्यावरनं होडी येल, ती त्या पलीकडच्या वळणातनं येते, तिकडं पानी हाय. पन धक्क्यावरलं कोनी सांगल तरच येल. तुमचा मानूस आलाय का?"

धक्क्यावर पागोट्याची माणसं चार-पाच होती. त्यांतलं आमचं कोणतं, हे मी कशी सांगणार? आत्याबाईंनी डोळे उघडून बघायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या डोळ्यांपुढे सगळा धक्काच डुलत होता.

"लवकर बोला," तांडेल म्हणाला. "आता भरती लागंल. त्याच पान्यानं मना पलीकडच्या खाडीत शिरायचंय, लाकडं तिकडं उतरायची. होडी आली नाय तर तुमाला तिकडंच यावं लागंल, आनि मग आजची रात मचव्यावर."

मचव्यावर सगळे पुरुष होते. आगरी बाई कासोटा वर खोचून चिखलातून चालत निघायच्या तयारीत होती. नवी सून सासरी पोहोचायच्या आधी एक रात्र खलाशांच्यात काढून आली, हे कल्याणला किती दिवस बोललं गेलं असतं ते मला ठाऊक होतं. आणि धक्क्यावरची माणसं तर पांगायला लागली होती. भांग असल्याने ठाण्याचा मचवा आज इथे थांबायचा नाही, असं त्यांना कोणी सांगितलं असावं.

"नाव सांगा, हाक मारतो," तांडेल म्हणाला.

"बाळ," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या बाळाला हाक मार."

"बाळ? नाव बाळ हाय?"

"तू बाळ म्हणूनच मार."

तांडेलाने दोन्ही हात तोंडाशी धरले. "ओऽऽ बाळ! बाळ हाय का हो कोन धक्क्यावर?"

धक्क्यावर एक कोळी उठून उभा राहिला. मग दुसरा. तिसऱ्याने ओरडून विचारलं, "माजा हाय, पालन्यात! उचलून आनू?" धक्क्यावर हशा पिकला. पागोट्यांपैकी कोणी वळलं नाही; त्या हशात आमच्या माणसाने वळायचं तरी कसं?

"मिठाच्या कचेरीतले म्हणून सांग," आत्याबाई म्हणाल्या.

"ती समदीच कचेरीतली हाईत, आजी. कोन कोनासाठी वळंल?" तो आता वैतागला होता. "अवो, भाचा तुमचा, नाव घ्यायला तुमाला कसली लाज?"

आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. "ते नाव माझ्या जिभेला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचं तेच होतं. ते गेले त्याच्या पुढल्या वर्षी हा झाला. दादाने आठवण म्हणून तेच नाव ठेवलं. घरात सगळे त्याला नावाने हाक मारतात. मी नाही मारत."

कल्याणच्या घरात त्या ह्यांना बाळ म्हणत, ते मी लाड म्हणून समजत होते. दिवसातून किती तरी वेळा ते नाव त्यांच्या कानांवर पडत असणार, भाकरी वाढताना, दिवे लावताना, आणि दर वेळी त्या ते ओलांडून पलीकडे जात असणार. मी बंदराच्या तोंडाशी कड नसलेलं पाणी पाहिलं होतं. मला आत्याबाईंकडे बघताना पुन्हा तसंच झालं. मी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग ही सांगंल," आगरी बाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. आणि लगेच तिने जीभ चावली, कारण नवऱ्याचं नाव मी घेणार नाही हे तिलाही कळत होतं. ते नाव ठाऊक असलेल्या आम्ही दोघी मचव्यावर होतो, आणि दोघींनाही ते उच्चारता येत नव्हतं. धक्क्यावरच्या दोघांनी छत्र्या उघडल्या आणि पाठ फिरवली.

आत्याबाईंनी माझा दंड धरला, सकाळी धरला होता तिथेच. "उखाण्यात घे," त्या म्हणाल्या. "उखाण्यात दोष नाही. घे लवकर."

"मला येत नाही," मी म्हणाले, पण तेही बहुधा मनातच.

"येत नाही काय? इतकी इंग्रजी शिकलीस, चार शब्द जुळवता येत नाहीत? लग्नात बायका दाराशी खोळंबल्या तरी तोंड उघडलं नाहीस. तेव्हा मी म्हटलं, असू दे, लहान आहे. आता कोण म्हणेल असू दे?"

तांडेल, खलाशी, आगरी बाई, सगळे माझ्याकडे बघत होते. परक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात एक वाक्य पुरं बोलले नव्हते. मला इंग्रजी कविता पाठ होत्या, मडमेच्या फुलांच्या आणि मेंढरांच्या; त्यांत ह्यांचं नाव कुठेही बसत नव्हतं. छत्र्या धक्क्याच्या मध्यापर्यंत गेल्या होत्या. मी उठून उभी राहिले, कारण बसल्या बसल्या आवाज फुटेल असं वाटेना. एका हाताने मी डोलकाठी धरली. ती सकाळपासूनच्या उन्हाने तापली होती. समोर होतं नव्हतं ते सगळं मी एकदा पाहून घेतलं, आणि तांडेलाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. नाव मी इथेही लिहीत नाही, त्या जागी रेघ ओढते:

"पुढे चिखल, मागे दर्या, वर आभाळ अथांग;
——रावांना, दादा, मी आले आहे सांग."